एका भरतीचा विसार

समुद्रकांठच्या गांवीं सुटी घालवावयास जाणाऱ्या मंडळींच्या कार्यक्रमांत अलीकडे एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. किल्ला पाहून झाला, देवदर्शन झालें, वाळूंत पाय भिजवून झाले, म्हणजे कोणीतरी हळूच विचारतो, "येथें गळ टाकावयास नेणारा कोणी मिळेल काय?" मालवण, देवगड, रत्नागिरी या बाजूस खाडींत किंवा किनाऱ्यालगत होडींतून नेऊन दोन-चार तास मासे धरण्याची हौस पुरविणारे जाणते लोक आतां आढळूं लागले आहेत. त्यांचे दूरध्वनीचे क्रमांक एकाकडून दुसऱ्याकडे जातात, दिवस ठरतो, विसार दिला जातो आणि ठरल्या वेळीं धक्क्याला होडी लागते. पाहणारास हा व्यवहार गाडी भाड्यानें ठरविण्याइतका सोपा वाटतो. एका हिवाळ्यांत असा एक सौदा ठरविण्याचें काम माझ्याकडे आलें, आणि त्या निमित्तानें माझी खात्री झाली कीं, हा व्यवहार गाडीच्या भाड्यासारखा मुळींच नाहीं. त्यांत आपण नेमकें काय विकत घेतों आणि काय विकत घेतां येत नाहीं, हें आधीं समजून घेतलें तरच तो दोन्ही पक्षांस सुखाचा होतो.

आमच्यासारख्या घरांतील वाचकांस प्रथमच शंका येईल कीं, या विषयाचा आणि आपला संबंध काय? सारस्वत घरांतून मासळी ही नित्याच्या जेवणांतली वस्तु. तेथें हा प्रश्न उद्भवत नाहीं. पण ज्या घरीं मासळीचा वासहि वर्ज्य, त्या घरच्या मुलांनीं गळ हातीं धरावा काय, हा प्रश्न खरा आहे, आणि तो मी टाळणार नाहीं. तूर्त एवढेंच सांगतों कीं, गळाची हौस ही परदेशाहून आलेली नवी टूम नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत राजाच्या नाना विनोदांबरोबर 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण आहे. माशांच्या जाति, त्यांस घालावयाचें खाद्य, काठी, दोरी आणि गळ या सर्वांचा विचार त्यांत मोठ्या पद्धतशीरपणें केलेला आहे. इंग्रज लोक या बाबतींत ज्या आयझॅक वॉल्टनच्या पुस्तकाचा अभिमान बाळगतात तें १६५३ सालचें. आमचा राजा त्याच्या पांचशें वर्षें आधींचा. अर्थात् ग्रंथ जुना म्हणून कृत्य निर्दोष ठरत नाहीं. पण 'हें आपल्याकडे नव्हतेंच' असें म्हणण्याची सोय मात्र उरत नाहीं.

प्रसंग असा. माझ्या थोरल्या बहिणीचें, आमच्या अक्काचें, घर मालवण तालुक्यांत कर्ली खाडीपासून जवळच आहे. तिचा मुलगा बरींच वर्षें अमेरिकेंत फ्लॉरिडा संस्थानांत असतो. ज्या खाडीच्या कांठीं त्याचें बालपण गेलें तिच्यांत पोहण्यापलीकडे त्यानें कधीं कांहीं केलें नव्हतें. गळ त्यानें प्रथम हातीं धरला तो मेक्सिकोच्या आखाताच्या कांठीं. तिकडे हा धंदा मोठा व्यवस्थित चालतो. परवाना असलेला कप्तान, त्याचीच होडी, त्याच्याच काठ्या, त्याचेंच आमिष. आणि त्याच्या परवान्यांत पाहुण्यांचाहि समावेश होत असल्यामुळें पाहुण्यांस निराळा परवाना काढावा लागत नाहीं. अर्धा दिवस कीं पुरा दिवस, माणसें किती, विसार किती, वादळ झालें तर दिवस बदलावयाचा कीं पैसे परत करावयाचे, हें बहुधा आधींच लेखी ठरतें. अशा शिस्तींत वाढलेली हौस घेऊन भाचा आपल्या अकरा वर्षांच्या मुलासह घरीं आला, आणि दुसऱ्याच दिवशीं मला म्हणाला, "मामा, आपली खाडी मुलाला नुसती पुलावरून दाखवून परत न्यायची माझी इच्छा नाहीं. तुम्ही इथलं एखादं माणूस गांठून द्या. येता रविवार मला सोयीचा आहे."

माणूस गांठणें कठीण गेलें नाहीं. कोणतें गांठावें हें कळण्यास मात्र दोन दिवस लागले. पहिल्यानें मासा मिळण्याची हमी दिली आणि वर सांगितलें कीं, वाटल्यास माशामागें दर ठरवूं. न मिळाला तर पैसे नकोत. दुसऱ्यानें डोकीं किती एवढेंच विचारलें. तिसरा एक पन्नाशीचा गाबीत तांडेल होता. मी त्यास रविवारची तारीख सांगतांच तो म्हणाला, "तारीख माका नको, तीथ सांगा." हमीची गोष्ट काढली तेव्हां तो हंसला. "मासो मेळतलोच असा जो सांगात, तेच्या होडयेत बसा नका," एवढेंच त्याचें उत्तर.

आमच्या घरच्या एका व्यवहारचतुर गृहस्थांस माशामागें दर ही कल्पना फार पसंत पडली. काम झालें तर दाम, यांत वाईट तें काय, असा त्यांचा प्रश्न. मला स्वतःला ती कल्पना धोक्याची वाटली, आणि अजूनहि वाटते. माशामागें पैसे ठरले म्हणजे होडी नेणाराचें आणि आपलें हित एक झालें असें वरवर दिसतें. वस्तुतः त्याच्या शहाणपणाचीच आपण किंमत पाडतों. जेथें जाऊं नये तेथें जाण्याचा, जो सोडावा तो ठेवण्याचा आणि ज्या वेळीं परत फिरावें त्या वेळीं आणखी घटकाभर थांबण्याचा मोह त्यास आपणच घालतों. वैद्यास रोगी बरा झाल्यावरच पैसे देऊं असें कोणी म्हणत नाहीं. त्याच्या ज्ञानाचें आणि वेळेचें मोल आपण देतों. समुद्रावरच्या वाटाड्याचीहि गोष्ट तीच. मासा हा समुद्राचा; तो विकण्याचा अधिकार तांडेलास नाहीं. त्याच्याजवळ विकण्यासारखी वस्तु एकच, आणि ती म्हणजे पाणी ओळखण्याची विद्या. ती त्यानें कोणत्याहि पुस्तकांत वाचलेली नसते. बापाच्या होडींत बसून, चुका करून, मार खाऊन आणि कधीं जिवावर बेतून ती आलेली असते.

ती विद्या कसली असते याचा पहिला नमुना तिथीच्या प्रश्नांतच होता. भरती-ओहोटीचा हिशेब आमच्या पंचांगाशीं किती निकट जोडलेला आहे याची आठवण शहरांतल्या मनुष्यास राहिलेली नाहीं. कोंकणांतल्या जुन्या माणसांस एक ठोकताळा ठाऊक असतो: तिथीस तिहींनीं गुणून चोहोंनीं भागावें, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. आणि अहोरात्रांत भरती दोन वेळां येत असल्यामुळें सकाळींहि तीच वेळ व रात्रींहि जवळजवळ तीच. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरां येतो आणि पाणी चंद्राच्या मागून चालतें, एवढेंच यांतलें रहस्य. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूस ढोबळपणें जुळतो. या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्यामुळें मालवणकडे ती कांहीं वेळ आधीं येते, हें धरून चालावें लागतें. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचें पाणी जोरानें चढतें व उतरतें. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे पाण्याची चढउतर थोडी आणि ओढ मंद.

आमचा रविवार नेमका अष्टमीचा निघाला. तांडेलानें बोटांवर मोजून सांगितलें कीं, त्या दिवशीं भरती उजाडण्यापूर्वींच सरेल. पुढें सारी सकाळ भांगाची आळशी ओहोटी. "पाणी चालता तवसर मासो खाता, पाणी थांबला काय तो पण थांबता." खाडींतला शिकारी मासा पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत येणाऱ्या कोळंबीची आणि बारीक मासळीची वाट पाहत कांदळांच्या मुळांशीं किंवा खडकाच्या आडोशास उभा असतो. प्रवाह आहे तोंवर त्यास घरबसल्या जेवण मिळतें. प्रवाह थांबला कीं त्याचेंहि ताट उठतें. म्हणून चार दिवस थांबून द्वादशीस यावें, पहाटेस निघावें, म्हणजे उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत चढतें पाणी मिळेल, असा त्याचा सल्ला पडला. भाच्यास त्यासाठीं गोव्याचा बेत सोडावा लागला. रविवारचे पैसे घेऊन मुकाट्यानें नेणारा मनुष्य मिळाला असता तर बेत मोडला नसता, पण सकाळ फुकट गेली असती. हातचा रविवार नाकारून द्वादशी सुचविणारा हा मनुष्य विसार देण्याजोगा आहे, अशी माझी खूणगांठ येथेंच पडली.

'नाहीं' म्हणण्याची हीच शक्ति पुढेंहि दिसून आली. नातवाच्या मनांत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास गळ टाकावयाचें होतें. तांडेलानें मान हलविली. किल्ल्याच्या भोंवतालचा सुमारें २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे. तेथें जाऊन हौस भागविणें योग्य नव्हे. खाडीचें मुख ओलांडून बाहेर जावें असें भाच्यास वाटत होतें. त्यावर तांडेल म्हणाला कीं, मुखाशीं वाळूचा दांडा आहे. भरतींत तो निमूट असतो, पण ओहोटीचें पाणी बाहेर पडतांना समोरून वारा व लाटा आल्या म्हणजे तेथें पाणी फुटूं लागतें आणि लहान होडी उलटण्यास वेळ लागत नाहीं. हिवाळ्यांत पहाटेस जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि पाणी शांत असतें. दुपार जवळ आली कीं समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. त्याच्या आंत परत यावयाचें, ही त्याची अट होती. पावसाळ्यांत तुम्ही नेतां काय, असें मी सहज विचारलें. जून-जुलैंत आमच्या यांत्रिक होड्या कांठावर असतात, असें तो म्हणाला. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यान्वयें ती बंदी असते. पण कायद्याच्या आधींपासूनहि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यांत न जाण्याची चाल होतीच. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, आणि पुष्कळशा माशांचा वीण घालण्याचा काळहि तोच.

व्यवहाराच्या बाकीच्या गोष्टी चटकन् ठरल्या. भाडें दिवसाचें नव्हे, एका भरतीचें. त्यांत होडी, तेल, काठ्या, गळ आणि जिवंत कोळंबीचें आमिष आलें, खाणें-पिणें आमचें. प्रत्येकाच्या अंगावर तरंगतें जाकीट असलें पाहिजे, आणि मुलाच्या मापाचें निराळें असलें पाहिजे, हें आम्हीं सांगितलें. तें त्याच्याकडे होतें. वारा फिरला तर आदल्या रात्रीं तो निरोप देईल आणि विसार पुढच्या चांगल्या दिवसासाठीं तसाच राहील. फ्लॉरिडांत जें कागदावर लिहून होतें तें येथें पडवीच्या पायरीवर बसून तोंडीं झालें, एवढाच फरक. पण उठतां उठतां तांडेलानें आणखी एक प्रश्न विचारला, आणि त्यानें सौद्याचें स्वरूपच बदललें. तो म्हणाला, "मोठो लागलो तर काय करतलात?"

अक्का आंत जपाची माळ घेऊन बसली होती, ती हें ऐकून बाहेर आली. तिचा या बेतास पहिल्यापासून विरोध होता. एकादशीस तरी खाडीवर जाऊं नका, एवढें बोलून ती गप्प राहिली होती. आतां मात्र ती आपल्या मुलास म्हणाली, "पोटासाठीं मासे धरणारांना मी कधीं नांवं ठेवलीं नाहींत. शेजारींच त्यांचीं घरं आहेत. त्यांचीं मुलं याच पडवींत बसून अभ्यास करून गेलीं. पण भूक नसतां टोंचायचं, आणि मग सोडून दिलं म्हणून स्वतःलाच शाबासकी द्यायची, हें कसलं रे? ज्याला खायचं नाहीं त्यानं धरावं कशाला?"

भाच्यानें तिची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. गळाचा उलटा कांटा पकडीनें दाबून टाकला म्हणजे गळ चटकन् निघतो. मासा कोरड्या हातानें धरावयाचा नाहीं, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हें त्याचें रक्षण असतें. त्यास पाण्याबाहेर फार वेळ ठेवावयाचें नाहीं आणि उगाच दमवावयाचें नाहीं. हें सर्व खरें आहे. पण सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असें नाहीं. फार वेळ झुंजविलेला किंवा ज्याच्या पोटांत गळ गेला आहे असा मासा सुटूनहि मरतो. हेंहि त्यानें आईपासून लपविलें नाहीं. म्हणून तिच्या प्रश्नाला पुरें उत्तर मिळालें असें मला म्हणवत नाहीं. खेळासाठीं दुसऱ्या जीवास वेदना देणें आणि अन्नासाठीं त्याचा जीव घेणें, यांतलें अधिक वाईट कोणतें, याचा निवाडा मोठमोठ्यांनीं निरनिराळा केला आहे. अक्काचा आक्षेप खोडून काढावा असें मला वाटलें नाहीं. तो सौद्यांत घालावा असें वाटलें.

तांडेलाच्या प्रश्नामागें जिताडा होता. उत्तर कोंकणांत ज्यास जिताडा म्हणतात त्यासच मालवणकडे आणि गोव्यांत चोणक म्हणतात. या माशाचें चरित्र मोठें विलक्षण आहे. त्याची वीण पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाशीं खाऱ्या पाण्यांत होते. पिल्लें खाडींत आणि गोड्या पाण्याकडे वर चढून वाढतात. पहिलीं कांहीं वर्षें जिताडा नर असतो, आणि पुढें वाढतां वाढतां त्याची मादी होते. म्हणजे थोराड जिताडा ही बहुधा मादीच असते, आणि ती जितकी मोठी तितकीं तिचीं अंडीं अधिक. 'लहान सोडावा, मोठा ठेवावा' हा आपला सामान्य नियम येथें अपुरा पडतो. भाच्यास ही गोष्ट अपरिचित नव्हती. फ्लॉरिडांतला स्नूक नांवाचा खाडीचा मासाहि असाच नराचा मादी होतो, आणि तेथील कायदा ठराविक लांबीच्या मधलाच स्नूक ठेवूं देतो. त्याहून लहान आणि त्याहून मोठा, दोन्ही परत सोडावे लागतात.

तांडेलानें कायदा वाचलेला नव्हता, पण त्याचा अनुभव तेथेंच येऊन पोंचला होता. तो म्हणाला, "मोठी ती आवस. आमच्या बापाशीन सोडलो नसतो. पण तेच्या येळार होते तितके चोणक आता खंय हत?" मात्र त्याची अडचण उघड होती. जिताड्याला बाजारांत किलोस कित्येक शेंकडे रुपये येतात. एक मोठा मासा म्हणजे त्याच्या भाड्याहून अधिक रक्कम. ती पाण्यांत सोडावयाची तर तें आधीं ठरलें पाहिजे. होडींत ठरवूं गेल्यास कोणाचेंच मन थाऱ्यावर राहत नाहीं. तेव्हां पायरीवरच अटी ठरल्या. बारीक मासे सोडावयाचे. थोराड जिताडा लागल्यास तोहि सोडावयाचा. मधल्या आकाराचे फार तर दोन मासे ठेवावयाचे, आणि ते तांडेलाच्या घरीं शिजावयाचे. दोन झाले कीं गळ गुंडाळावयाचा. मोठा मासा सोडावा लागेल हें धरून भाच्यानें भाडें थोडें वाढवून दिलें, आणि तांडेलानें तें घेतलें. अक्कानें सर्व ऐकलें. होकार दिला नाहीं, पण माळ घेऊन आंत गेली.

द्वादशीस पहाटे आम्ही निघालों. हवेंत गारठा होता आणि मतलई वारा पाठीवर येत होता. इच्छित जागेच्या बऱ्याच अलीकडे तांडेलानें इंजिन बंद केलें व वल्ह्यानें होडी नेली. उजाडूं लागलें तशीं कांदळांचीं मुळें हळूहळू पाण्याखालीं जाऊं लागलीं. कोठें पाण्यावर बारीक थरथर दिसे, कोठें बोयीचें पिल्लूं उडे. आम्हांस तें सर्व सारखेंच, पण तांडेल त्यांतल्या एखाद्याच ठिकाणाकडे बोट दाखवी आणि तेथेंच गळ टाकावयास सांगे. पहिला तास कांहींच लागलें नाहीं. मग मुलाच्या काठीस एकदम ओढ लागली आणि एक तांबूस रंगाची, तीक्ष्ण दांतांची तांबोशी वर आली. ती मधल्या आकाराची होती, ठेवली गेली. त्यानंतर एक शिंगाळा आला. त्याच्या परांच्या कांट्यांत विष असतें. तांडेलानें मुलाचा हात मागें सारला, फडक्यानें मासा धरला आणि गळ काढून सोडून दिला. ज्या सफाईनें तें झालें तेवढ्यावरूनहि बरोबर जाणता मनुष्य असण्याचें मोल कळावें.

पाणी भरत आलें तेव्हां भाच्याच्या काठीवर तो मासा लागला. प्रथम दोरी सरळ कांदळांकडे धांवली. मग पाणी फुटलें आणि एक रुंद रुपेरी अंग तोंड वासून, मान झाडीत हवेंत उडालें. मुलगा ओरडला. तांडेल मात्र हलक्या आवाजांत सांगत होता, दोर सैल सोडूं नका, ओढूंहि नका. मासा फार दमूं नये म्हणून त्यानें होडी वल्ह्यानें पुढें नेऊन अंतर कमी केलें. बाजूस आला तेव्हां तो जवळजवळ दोन हात लांब होता, आणि कोवळ्या उन्हांत त्याचा डोळा लालसर चमकत होता. होडींत कोणी कांहीं बोललें नाहीं. त्या क्षणीं तो मासा ठेवावा असें चौघांपैकीं कोणासच वाटलें नसेल, असें मी म्हणणार नाहीं. तांडेलानें हात ओले केले, खालचा ओठ धरून गळ काढला आणि मासा पाण्यांतच प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवला. कल्ले उघडूं-मिटूं लागले. थोड्या वेळानें शेपटीचा एक हिसका बसला, आणि हात रिकामा झाला.

भाचा म्हणाला, "हिची किंमत मी देतों." तांडेलानें मान हलविली. "तां कांठार ठरलां," एवढें बोलून तो वल्हें घेऊन बसला. पुढें अर्ध्या तासानें पाणी थांबलें आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणें मासेहि थांबले. खारा वारा सुटण्याच्या आंत आम्ही धक्क्याला लागलों.

घरीं अक्काचें पारणें व्हावयाचें होतें. मुलानें अंगणांतूनच सर्व हकीकत ओरडून सांगितली. तिनें ती शेवटपर्यंत ऐकली, आणि मला एकच प्रश्न विचारला, "ती नीट गेली ना?" मी गेली म्हणून सांगितलें. "आणि तो तांबडा मासा?" तो तांडेलाच्या घरीं गेल्याचें सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मला अजून हें पटत नाहीं. पण पुन्हां जाणारच असाल तर त्याच्याबरोबरच जा."

या दोन वाक्यांत मला परस्परविरोध दिसत नाहीं. एखादी गोष्ट करावी कीं करूं नये, यावर घरांत एकमत होईलच असें नसतें. पण ती करावयाचीच झाली तर कोणाबरोबर आणि कोणत्या मर्यादेंत करावी, यावर एकमत होऊं शकतें. गळाच्या सहलीचा बेत करणाऱ्या वाचकांस माझें एवढेंच सांगणें आहे कीं, होडीवाल्यास 'मासे किती मिळतील' असें विचारूं नये. कोणत्या तिथीस यावें, कोणत्या वेळीं परत फिरावें, आणि काय सोडून द्यावें, हे तीन प्रश्न विचारावे. त्यांचीं उत्तरें जो न अडखळतां देतो, आणि प्रसंगीं हातचा दिवस नाकारतो, त्याच्याशीं भावाची घासाघीस करूं नये. तसेंच आपल्या घरांतील आक्षेप घेणाऱ्या माणसास बेत ठरतांना बाहेर ठेवूं नये. त्याचा आक्षेप अट म्हणून सौद्यांत यावा. विसारानें समुद्राची एक भरती आणि एका मनुष्याचें जन्मभराचें ज्ञान तेवढ्या वेळापुरतें आपल्या वाट्यास येतें. मासा त्यांत धरलेला नाहीं. तो आला तर त्याचें काय करावयाचें, हें मात्र कांठावरच ठरलेलें असावें.